यादीतली तिसरी ओळ

कामशेतच्या एका चिक्कीवाल्या आबांचा कॉम्प्युटर मी सांभाळतो. त्यांची सून त्यावर पुड्यांची लेबलं छापायची. एकदा लेबलांचं नवं सॉफ्टवेअर टाकायला गेलो, तर ते काही केल्या बसेना. इंटरनेटवरच्या ज्या कोठारांतून, म्हणजे रिपॉझिटऱ्यांमधून, ते उतरवायचं, त्यातल्या दोन कोठारांचा माल एकमेकांशी जुळत नव्हता. मी हे सांगितलं तसे आबा म्हणाले, "व्हय, दोन ठिकाणचा गूळ आमीबी एका कढईत घालत न्हाई."

माझं डोकं आधीच तापलं होतं. सुनेला म्हणालो, "वहिनी, कळत नसेल तर हात कशाला लावायचा?"

"म्या कायबी केलं न्हाई," ती हळूच म्हणाली. आबांनी तिच्या वतीनं माझी माफी मागितली.

मग मी कोठारांची यादी उघडली. तिसरं कोठार नको ते होतं. त्याच्यापुढे टीप होती: 'तात्पुरतं जोडलंय, नंतर काढणे.' मागच्या खेपेला घाईत मीच लिहिलेली. ती ओळ पुसली आणि सॉफ्टवेअर मुकाट बसलं. मी फक्त "झालं" म्हणालो, आबांनी दिलेली चिक्कीची पुडी घेतली आणि निघालो.

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो, तर कॉम्प्युटरवर फडकं टाकलेलं होतं. आबा चष्मा लावून एकेक लेबल हातानं लिहीत होते. सून चहा घेऊन आली, ती कॉम्प्युटरच्या टेबलाला वळसा घालून.