वजन सांगायचं नाही

शर्टाच्या बाहीवर बसलेला कापसाचा पुंजका ते दोन बोटांत धरायचे, हात खांद्याच्या वर न्यायचे आणि पुंजका सोडून द्यायचे. तो कुठे जातो ते शेवटपर्यंत पाहायचे. मग जवळ जो कुणी असेल त्याला सांगायचे, "आज होटगीकडनं आहे." किंवा, "आज बाळ्याकडनं." वारा कुठल्या गावाकडून येतो ही बातमी ज्याला मिळे त्याला तिचा काही उपयोग नसे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना होता. टॉवेलला वारा कुठूनही आला तरी चालतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तिथे इंग्रजी पत्रव्यवहार पाही, म्हणून सगळे मला 'रायटर' म्हणत. पुंजका सोडणारे ते गृहस्थ माल रवाना करण्याच्या खात्यात होते. गाठी काट्यावर चढवायच्या, वजन करायचं, ट्रकमध्ये भरायच्या. त्यांना सगळे 'पायलट' म्हणत. आपल्याकडे टोपणनावं बरीचशी चुकीच्याच माणसाला चिकटतात, तुम्हीही पाहिलं असेल. हे गृहस्थ विमानात कधीच बसले नव्हते.

विमानाशी त्यांचा संबंध मात्र खरा होता. गाठ काट्यावर आली की ते हळूच म्हणत, "बसा." उतरवताना म्हणत, "या." हमाल हसत. एक जण त्यांना मुद्दाम विचारायचा, "काका, ह्या गाठीला खिडकीची जागा देऊ का?" ते गंभीरपणे उत्तर देत, "नको. टॉवेलला काय बघायचंय खाली?"

दुसरं महायुद्ध संपल्यावर सैन्याची विमानं स्वस्तात निघाली होती. तशी दोन विमानं घेऊन कुणा संस्थानिकाच्या पैशावर एक कंपनी उभी राहिली होती. मुंबई ते हैदराबाद येता-जाता तिचं विमान सोलापूरला उतरे. होटगी रस्त्यावरच्या माळावर कंपनीची एक पत्र्याची शेड होती. शेडमध्ये एक वजनकाटा, एक रांजण, एक बाक आणि हे. तिकीट हेच फाडत, सामान हेच चढवत, वाऱ्याची दिशा हेच पाहत आणि धावपट्टीवरची मेंढरंही हेच हाकत. कंपनीच्या कागदांवर तेवढी मोठी मुद्रा होती: गरुड, मुकुट आणि खाली संस्कृत वचन. ते वचन शेडमधल्या कुणालाच लागलं नव्हतं.

मी हे सगळं प्रथम ऐकलं तेव्हा अर्ध्यावरच विश्वास ठेवला. सोलापुरात ठरावीक वयाच्या प्रत्येक माणसाने कुणा ना कुणा थोर पुरुषाला पाणी दिलेलं असतं. पण थापा मारणारा माणूस स्वतःला शेडमध्ये ठेवत नाही, निदान एकदा तरी आकाशात नेतो. मी विचारलं, "तुम्ही एकदाही बसला नाहीत? कंपनी तुमचीच की."

"वजन करणाऱ्यानं खाली राहायचं असतं," ते म्हणाले.

त्या विमानांना भार तोलून घ्यावा लागे. म्हणून सामानाबरोबर प्रवाशांचंही वजन होई. भल्याभल्यांची तिथे पंचाईत व्हायची. कुणी वहाणा काढून उभा राही, कुणी खिशातली किल्ल्यांची जुडी बाकावर ठेवी. चार माणसांत आपलं वजन जाहीर व्हावं असं कुणालाच वाटत नसे. म्हणून ह्यांनी एक पद्धत पाडली होती. वजन करायचं, मनात धरायचं, पाठ फिरवून कागदावर मांडायचं. तोंडाने बोलायचं नाही.

"आणि ती मेंढरं?" मी विचारलं.

"एक धनगर होता. तरणाबांड. विमानाचा आवाज आला की मीच त्याला हाक मारायचो. तो म्हणायचा, 'तुमचं इमान एक घडी वर थांबंना का, माजी लेकरं चरत्यात.' पण हाकायचा. नंतर नंतर हाक मारायची गरज उरली नाही. माझ्या आधी त्यालाच ऐकू यायचं."

"मग कंपनी बंद का पडली?"

"हवा गेली," ते म्हणाले आणि पुढच्या गाठीला 'बसा' म्हणाले. ह्या प्रश्नाला नेहमी एवढंच उत्तर.

मग आमच्या मालकांना विमानाने पछाडलं. गावातले चार व्यापारी, दोन वकील आणि मालक यांनी एक समिती काढली. छोट्या विमानाची नवी सेवा सुरू व्हायची होती, उद्घाटनाला मंत्री यायचे होते, आणि निमंत्रणाचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: 'सोलापूरची पहिली विमानसेवा'. असले मजकूर लिहिताना मी फार विचार करत नसे. उद्घाटन म्हटलं की पहिली, भव्य आणि ऐतिहासिक हे शब्द हात आपोआप लिहितो.

दुपारी पायलट माझ्या टेबलाशी आले. चष्मा लावून मजकूर दोनदा वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"रायटर, हा बदलता येईल का? 'पहिली' काढून 'पुन्हा' घालायचं. सोलापूरची विमानसेवा पुन्हा सुरू."

"येईल की. पण एवढं काय त्यात?"

ते बाकावर बसले. मग त्यांनी जुन्या कंपनीच्या शेवटच्या विमानाची गोष्ट सांगितली. पावसाळ्याचे दिवस होते. सोलापूरहून तीन प्रवासी चढले: एक चादरींचा व्यापारी, एक कॉलेजात जाणारा मुलगा आणि एक बाई. बाईंची मुलगी मुंबईला बाळंत व्हायची होती. त्यांच्याजवळ शेंगाचटणीचा डबा होता आणि तो काट्यावर ठेवायला त्या तयार नव्हत्या. शेवटी डबा पोटाशी धरूनच काट्यावर उभ्या राहिल्या आणि ह्यांच्याकडे वाकून म्हणाल्या, "भाऊ, वजन कुणाला सांगू नका हं. व्याही हसतील."

"नाही सांगत, बाई," हे म्हणाले.

विमान घाटातल्या ढगांत शिरलं ते बाहेर आलं नाही. चौकशीला वरचे साहेब आले आणि वजनांचा कागद घेऊन गेले. थोड्या महिन्यांनी कंपनीने दुसरं विमान विकलं. नंतर शेडचे पत्रेही कुणी काढून नेले.

"कागद त्यांनी नेला," ते म्हणाले. "तोंडानं मी सांगितलेलं नाही."

अशा वेळी माणूस नको ते विचारतो. मी विचारलं, "किती होतं?"

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मी मान खाली घातली.

आम्ही दोघे मालकांकडे गेलो. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्च्या दिल्या.

"होती हो तेव्हाची. मीही ऐकलंय," मालक म्हणाले. "पण बंद पडली की. बंद पडलेल्याला काय धरायचं?"

"मालक, 'पुन्हा' लिहिलं तर बिघडतं कुठं?" मी म्हणालो.

"'पुन्हा'साठी मंत्री येत नसतात, रायटर. आणि माळावर लावायचा दगड कोरून आलाय."

तेव्हा पायलट बोलले. आवाज न चढवता. "मालक, ही पहिली म्हटली, तर मग ती माणसं गेली कशात?"

मालकांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला, पुन्हा ठेवला. "काका, उद्घाटनाच्या दिवशी अपघाताचं नाव कोण काढतं? तिकीट कोण घेईल मग?"

हे खरं होतं. उठताना मालकच म्हणाले, "असं करा. पहिल्या प्रवाशांची वजनं करायचीच आहेत. काटा आपलाच नेऊ. तुम्हीच उभे राहा त्याच्याजवळ. झालं?" त्यांना ती भरपाई वाटली असावी.

उद्घाटनाला मांडव, बँड, शाळांची मुलं, सगळं होतं. मंत्र्यांची वेळ दहाची होती, त्यामुळे ते बारानंतर आले. तोवर तीन वक्त्यांनी पुराणातल्या विमानांपासून सुरुवात करून आमच्या मालकांपर्यंत मजल गाठली. काटा झेंडूच्या माळांनी एवढा मढवला होता की आकडे दिसायला फुलं बाजूला करावी लागत. पायलट त्याच्याजवळ उभे होते, स्वच्छ धुतलेला पांढरा सदरा घालून. त्या दिवशी बाहीवर पुंजका नव्हता.

मंत्री त्याच विमानाने परत जायचे होते. ते हसत हसत काट्यावर चढले. फोटो निघाले. माइक सांभाळणाऱ्या वकिलांना विनोदाची लहर आली. त्यांनी माइक पायलटांच्या तोंडापुढे धरला. "सांगा काका, आपल्या नेत्याचं वजन जनतेला कळू द्या."

ते म्हणाले, "सांगत नाही, साहेब. इथली पद्धत आहे."

लोक हसले. वकीलही हसले. "पद्धत? अहो, पहिलंच तर विमान आहे. पद्धत कुठली?"

"पूर्वीपासूनची," ते म्हणाले.

कर्ण्यांतून तो शब्द सगळ्या माळावर गेला. मांडव गप्प झाला असं मी म्हणणार नाही, निम्म्या लोकांचं लक्षच नव्हतं. पण मागे, मांडवाच्या बाहेर, उन्हात उभ्या असलेल्या घोळक्यातून एक दणकट आवाज आला. "व्हय की. हुतं की इमान. मीच मेंढरं हाकायचो."

मोठा हशा झाला. मंत्रीही हसले आणि काट्यावरून उतरले. वकिलांनी माइक काढून घेतला. मालक माझ्याकडे पाहत नव्हते. मी काकांकडे पाहिलं. ते मागच्या घोळक्यात कुणाला तरी शोधत होते. मग बँड वाजला, पडदा सरकला आणि दगडावरचं सोनेरी 'पहिली' सर्वांनी पाहिलं.

ती सेवा काही महिने चालली. विमान आधी रोज येई, मग आठवड्यातून दोनदा, मग फक्त जाहिरातीत. बंद पडली तेव्हा पायलट खूश होतील असं कारखान्यात काहींना वाटलं. एकाने म्हणूनही दाखवलं, "काका, जिंकलात." त्या दिवशी त्यांनी वारा पाहिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. संध्याकाळी घरी गेले, छातीत दुखतंय म्हणाले आणि आडवे झाले, एवढंच. त्यांच्या जागी नवा माणूस आला. तो कामाला चोख होता. प्रत्येक गाठीचं वजन साऱ्या शेडला ऐकू जाईल असं ओरडून सांगायचा. त्यात चूक काहीच नव्हती, पण मी पत्रं लिहायचं टेबल आतल्या खोलीत हलवून घेतलं.

एकदा होटगीला कुणाकडे तरी निघालो होतो तेव्हा सायकल माळाकडे वळवली. मांडवाच्या खुणाही उरल्या नव्हत्या. धावपट्टीच्या भेगांतून गवत आलं होतं. उद्घाटनाचा दगड तेवढा उभा होता आणि त्याच्या सावलीला घोंगडं टाकून एक म्हातारा धनगर बसला होता. मिशा पांढऱ्या, पण आवाज मी लगेच ओळखला.

"तुमी त्येंच्यासंगं हुतासा न्हवं, त्या दिवशी?" त्याने विचारलं. "काटंवाल्यांच्या?"

"होय. ते गेले."

"आयकलं मी." मग अंगठा मागे वळवून त्याने दगड दाखवला. "मला वाचाय येत न्हाय. हितं काय लिवलंय वो?"

मी दगडासमोर उभा राहिलो. सोनेरी रंग उडाला होता, अक्षरं मात्र खोल होती आणि अगदी स्पष्ट. मी मोठ्याने वाचलं, "सोलापूरची विमानसेवा पुन्हा सुरू."

"मंग बराबर हाय," तो म्हणाला.

तो उठला, घोंगडं खांद्यावर टाकलं. मेंढरं धावपट्टीवर पसरली होती. त्याने आधी मान वर करून आकाशाकडे कान दिला. मग त्यांना बाजूला हाकू लागला.