टोचल्याशिवाय ओटी नाही

शपथेवर सांगतो, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. एक-दोन ठिकाणी मी हजर नव्हतो आणि एका ठिकाणी कुणीच हजर नव्हतं, तेवढं चालवून घ्या. अंबरपेठच्या प्रसूतिकेंद्रात मी कारकून होतो. तिथे किस्से लसीच्या फ्रिजातल्या बर्फासारखे साठायचे. अधूनमधून खरवडावे लागतात.

*

त्या फ्रिजात लसीशिवाय काही ठेवायचं नाही, हा डॉक्टर रझियांचा नियम. मी एकदा बायकोसाठी घेतलेला गजरा ठेवला. डॉक्टरांनी तो दोन बोटांनी बाहेर काढला.

"कुलकर्णी साब, मोगऱ्याला धनुर्वात होत नै. घेऊन जावा."

*

गरोदर बायांना धनुर्वाताच्या लसीचे दोन डोस, मध्ये चार आठवडे. दोन्ही किती जणी घेतात, याचा अभ्यास दिल्लीने आमच्या गळ्यात घातला होता. पण दुसऱ्या डोसाआधीच बाई ओटी भरून माहेरी जायची. अर्धं रजिस्टर कोरं! दिल्लीहून पत्र आलं : अभ्यास संपेपर्यंत महिलांनी माहेरी जाऊ नये.

डॉक्टरांनी मला ते प्रत्येकीच्या आईला वाचून दाखवायला सांगितलं. एकीच्या आईला दाखवलं. दुसरीकडे गेलो नाही.

*

बाजारात काशीबाईंचं ओटीच्या सामानाचं दुकान. त्यांची सून यमुना. तिचं पहिलं बाळ माहेरी झालं आणि आठव्या दिवशी धनुर्वाताने गेलं. आता पुन्हा दिवस होते, एक डोस झाला होता आणि भाऊ न्यायला आला होता. काशीबाईंनी ओटीचा नारळ परत फळीवर ठेवला.

"दुसरी सुई झाल्याबिगर ओटी नाही. ओटीबिगर सून उंबऱ्याबाहेर नाही."

भाऊ पंधरा दिवस राहिला. कपडे एका दिवसाचे आणले होते.

पुढे हा नियम सगळ्या गिऱ्हाइकांना लागला. कार्डावर दोन शिक्के, तरच खण-नारळ. रजिस्टर भरलं. दिल्लीने विचारलं, नेमका कोणता उपाय केलात? डॉक्टरांनी एका शब्दात कळवलं : नारळ.

*

मग दिल्लीची मॅडमच बघायला आली. तिलाही सातवा महिना. हौसेने ओटीचं सामान मागितलं. काशीबाईंनी कार्ड मागितलं. मॅडम म्हणाली, लसीचे नियम मीच लिहिते.

"हौ? मग तुला तर माहीतच हाय. कार्ड?"

संध्याकाळी मॅडम एक शिक्का घेऊन परतली. काशीबाईंनी खण दिला. नारळ पुढच्या महिन्यात.

*

यमुना माहेरी बाळंत झाली. नवव्या दिवशी काशीबाई मला नव्या एसटीडी बूथवर घेऊन गेल्या. माहेरच्या शेजारी मास्तरांकडे फोन होता. बाळाला फोनजवळ आणा, एवढाच निरोप मी द्यायचा. स्वतः त्या रिसीव्हरला हात लावेनात.

पलीकडून बाळाचं भोकाड ऐकू आलं. मी म्हटलं, "रडतंय."

"पहिल्याचा आवाज आठव्याच दिवशी बंद झाला होता."

मी फोन ठेवायला लागलो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"ठेवू नक्को. रडू दे."

*

दिल्लीची मॅडम मी बनवलेली. फोन मात्र बनवलेला नाही.