व्याह्यांचं मोसंबं

वारज्यापासून शनिवार पेठेपर्यंत अंथरुणावर आमच्या व्याह्यांइतका संशय घेणारा दुसरा माणूस सापडणार नाही. आपण गादीवर झोपतो. हे आधी तिची चौकशी करतात. मुठीने दाबतात, पडलेला खळगा भरून येतो का ते पाहतात, शिवण उलटून बघतात, वास घेतात आणि मग दुकानदाराला "बरी आहे" असं अशा सुरात सांगतात, की त्याने ती मुकाट्याने आत ठेवून द्यावी. आयुष्यभर एका कारखान्यात माल पास-नापास करायचं काम केलं. कारखाना सुटला, सवय सुटली नाही.

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मला वाटलं, पद्धतच आहे, आता हे काही महिने माझे. लाकडी पाळणा आणला. त्यात बोट टेकवलं तरी रुतेल अशी गादी, कडेने कापसाचे छोटे लोड, वर दोरीला टांगलेल्या रंगीत चिमण्या. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशीही केली. मोहरी मी स्वतः निवडली, वाळवली. बायको म्हणाली, "तिच्या वेळी नाही केलंत हे काही." खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

व्याही सुनेला भेटायला आले आणि त्यांनी पिशवीतून एक लहानसं मोसंबं काढलं. मी सुरी आणायला उठलो.

"बसा हो," असं म्हणून त्यांनी ते पाळण्याच्या दोन गजांमधून ढकललं. मोसंबं सहज आत गेलं आणि गादीत अर्धं बुडालं. "फट मोठी आणि गादी मऊ. नापास." मग एकेक वस्तू बाहेर निघाली. लोड गेले, चिमण्या गेल्या. "बाळाच्या नाकातोंडाशी काही येता कामा नये. घट्ट सपाट गादी, ताणून बसवलेली चादर आणि बाळ पाठीवर. बाकी सगळी आपली हौस."

"आणि उशी?" मी विचारलं.

"उशी उत्तम आहे. माझी मान धरते, मला द्या." आणि खरोखर घेऊन गेले.

"अप्पांचं बरोबर आहे, बाबा. डॉक्टरही हेच म्हणाल्या," मुलगी म्हणाली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. एवढ्या वयाच्या माणसाला असा मत्सर शोभत नाही, हे कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता. दुसऱ्या दिवशी, त्यांना न विचारता, नवा पाळणा घ्यायला गेलो. दुकानात गादी मुठीने दाबली, वास घेतला. खिशात मोसंबं होतं.

नात झाली. माझ्याकडे आली की रडायची. व्याह्यांनी खांद्यावर घेतलं की त्यांच्या शर्टाची कॉलर धरून गप्प. "तुमचा हात ताठ आहे, व्याहीबुवा," ते म्हणायचे. मी हसायचो आणि चहा सांगायचा मुद्दाम विसरायचो.

तिसऱ्या महिन्यात मुलीला सासरी पोचवायला गेलो. शनिवार पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पाळणा तयार होता. मी खिशातून मोसंबं काढलं. व्याही हात मागे बांधून उभे राहिले, तोंडी परीक्षेला उभं असल्यासारखे. मी मोसंबं गजांवर टेकवून दाबलं. ते आत जावं असं मला मनापासून वाटत होतं. गेलं असतं तर नातीला उचलून परत वारज्याला आणता आलं असतं. ते अडकलं. गादीही दगडासारखी.

"काय हो?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. पलीकडच्या खोलीत त्यांच्या पलंगावर माझी मोहरीची उशी दिसत होती, मधोमध दबलेली.

"बरी आहे," मी म्हणालो.

दारापर्यंत सोडायला आले. "येत जा अधूनमधून. वस्तू वापरात सैल होतात. तपासणारं कुणी हवं."

आमचा पाळणा आता रिकामा आहे. त्यात ते मोसंबं ठेवलंय. बायको म्हणते, सुकलं, टाकून द्या. मी म्हणतो, राहू दे, रविवारी पेठेत जायचंय.