सापळा, वॉशिंग मशीन आणि वामनराव सर

वामनराव सरांना मी प्रथम भेटलो ते मळमड्डीतल्या त्यांच्या घरी, पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधत. सर अर्धवाहकांतल्या सापळ्यांवर काम करीत. स्फटिकात कुठे दोष असला की धावता इलेक्ट्रॉन तिथे अडकतो आणि प्रवाह घटतो. माझा चेहरा कोराच. सर म्हणाले, "अरे, ट्रकवाला चहाला थांबला की कांदा अमरगोळच्या बाजारात उशिरा पोचतो. एवढंच!" प्रत्येक गोष्टीला घरचं उदाहरण हवं, हा त्यांचा नेम.

सरांचं मन मोठं. एकदा माझ्या हातून एक तार सैल राहिली आणि तीन महिन्यांची मोजमापं वाया गेली. विभागप्रमुखांपुढे सर शांतपणे म्हणाले, "जोडणी मी केली होती." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निवृत्तीनंतर सरांनी हाच सापळा समाजाला लावला. गरिबाची मिळकत चकचकीत वस्तूंत अडकते, पुढे सरकतच नाही, असं ते मांडू लागले. गेल्या वर्षी आपल्या मंडळातल्या व्याख्यानात त्यांनी उदाहरण दिलं, अर्थात घरचंच: "आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या शांतक्का. नवनगरला त्यांच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी, पण घरात वॉशिंग मशीन! त्यात तांदूळ ठेवतात." सभागृह हसलं. मीही हसलो. शांतक्का मागच्या रांगेत बसल्या होत्या. सरांनीच त्यांना आग्रहानं बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या कामावर आल्या नाहीत. सर मला घेऊन त्यांच्या घरी गेले.

"अय्यो सर," शांतक्का म्हणाल्या, "मुलीला बघायला येणारे उभ्याउभ्या परत जात होते. मशीन आल्यावर बसून बोलले, लग्न ठरलं. आणि तुमची कपाटभर पुस्तकं? सगळी वाचलीत काय?"

ते मशीन सापळा की पायरी? मला अजून एकदा हे पटतं, एकदा ते. परतताना रिक्षात सरांनी मलाच विचारलं, "सापळ्यात नक्की कोण आहे रे?" गुरूनं शिष्याला विचारावं! काय म्हणावं याला?

माफ करायला शांतक्कांची अट एकच: चारचौघांत बोललात, चारचौघांतच मागे घ्या. म्हणून सरांच्या आज्ञेवरून हे इथे, त्यांच्याच गौरवग्रंथात, लिहिलं आहे. "गौरवग्रंथात माफी?" संपादक कुरकुरले. सर म्हणाले, "मग गौरवच राहू द्या."

तेव्हा शांतक्का, सरांचं चुकलं. हसणाऱ्या आम्हा सगळ्यांचंही चुकलं. समारंभात पहिल्या रांगेत तुमची खुर्ची राखली आहे आणि तुम्ही येईपर्यंत सर गळ्यात हार घालून घेणार नाहीत. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो हे आम्ही देवाकडे मागतोच आहोत. पण त्यांना स्वतःला जे हवं आहे, ते फक्त तुम्हीच देऊ शकता.