इवायांचा घास

दोन हजार तेवीस साल होतं, धोंड्याचा महिना चालू होता आणि मला एकोणसत्तरावं लागलं होतं. तोवर मी नाना तऱ्हेची माणसं पाहिली. पण आमच्या इवायांइतका सावकाश जेवणारा माणूस गेवराई तालुक्यात नाही, अंबाजोगाईत नाही, आणि जिल्ह्यात कुठं असलाच तर तो अजून जेवतोच आहे, म्हणून कुणाच्या नजरेस पडला नाही.

इवाई म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. घाटनांदूरला त्यांचं किराणा दुकान आहे. माणूस काटकुळा, टोपी पांढरी, आणि घास तोंडात असला की बोलणं बंद. मग समोर तहसीलदार असो की गिऱ्हाईक. लेकीची बोलणी करायला ते पहिल्यांदा तलवाड्याजवळ आमच्या गावी आले, तेव्हा माझ्या मेहुण्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "मग पाव्हणं, पोरगी पसंत का?" नेमका त्याच वेळी इवायांनी पोह्याचा घास तोंडात टाकला होता. त्यांनी डोळे मिटले आणि चावायला लागले. आम्ही बसलो. मेहुण्याला घाम फुटला. आतून बायकांची कुजबुज आली. मला वाटलं, पोरगी नाकारायची म्हणून माणूस शब्द शोधतोय. शेवटी त्यांनी घास गिळला, एक घोट पाणी पिले आणि म्हणाले, "शेंगदाणे ताजे हायेत. पोरगी बी पसंत हाय."

दिंद्रुडला एका लग्नात तर मी डोळ्यानं पाहिलं. पहिली पंगत उठली, हे बसलेलेच. वाढप्यांनी पत्रावळी गोळा केल्या, यांची तेवढी राहिली. दुसरी पंगत यांच्या दोन्ही बाजूंनी बसली, जेवली, उठली, तेव्हा कुठं हे उठले. यजमान हळूच मला म्हणाला, "तुमचे इवाई लई खातेत वो, दोन पंगतीत बसले." आता त्याला काय सांगणार? माणसानं दोन पोळ्या खाल्ल्या होत्या. एकदा भजे खाता खाता त्यांची एस.टी. गेली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला, मी हाताला धरून ओढलं, पण भजं अर्धं होतं. गाडी धुरळा उडवत गेल्यावर बोलले, "गाडी मागून दुसरी येती, पाव्हणं. पोट कुठून दुसरं आणता?"

माझं सगळं याच्या उलट. मी तीस वर्षं ऊस तोडला. फडात गाडी भरायला लागली की भाकरी हातावर, भाकरीवर ठेचा, आणि मोळी डोक्यावर घ्यायच्या आत भाकरी पोटात. आमच्या टोळीत माझ्याइतकं झटपट जेवणारं कुणी नव्हतं, आणि मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे, का नसावा? फड सुटून बारा वर्षं झाली तरी माझं ताट तसंच रिकामं व्हायचं. इवाई म्हणायचे, "पाव्हणं, दाताचं काम पोटावर कशाला टाकता? पोट भरलं हे पोटाला कळायला जरा येळ लागतो. तुमी ते कळायच्या आत दोन भाकरी जास्तीच्या घालता." मी म्हणायचो, "माझं पोट हुशार हाय. त्याला लगेच कळतं."

ते खोटं होतं. त्याच वर्षी उन्हाळ्यात छातीत सारखं जळजळ करायचं म्हणून मी गेवराईला डॉक्टरकडं गेलतो. त्यानं रक्त तपासलं, साखर लई निघाली. म्हणाला, "बाबा, गोळ्या देतो, पण पोटभर आणि घाईनं जेवायचं सोडा. नाही तर इंजेक्शन चालू करावं लागेल, आणि पायाला जखम झाली तर ती भरायची नाही." चिठ्ठी मी कोपरीच्या खिशात ठेवली आणि घरात कुणाला सांगितलं नाही. सगळे मिळून मला शिकवायला लागले असते.

धोंड्याच्या जेवणाला जावई आले, लेक आली, संगं इवाई आले. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. आमच्याकडं रीत अशी की इवाई उठल्याशिवाय यजमानानं ताटावरून उठायचं नाही, आणि रिकामं ताट दिसलं की वाढणारीनं वाढायचं. आता घोटाळा बघा. इवायांचं ताट रिकामं होतच नाही, म्हणून त्यांना कुणी वाढत नाही. माझं ताट क्षणात रिकामं, म्हणून दर खेपेला धोंडा माझ्या ताटात. ताटावर हात आडवा धरला असता तर भागलं असतं. पण जावयासमोर, इवायांसमोर मी हात आडवा धरू? पाचवा धोंडा घशात अडकला. श्वास येईना, डोळ्यांपुढं अंधारी आली. लेक ओरडली, "आबा!"

इवायांच्या तोंडात घास होता. तो त्यांनी ताटात टाकला, उठले, आणि माझ्या पाठीत असे दणके घातले की धोंडा बाहेर आला. या काटकुळ्या माणसात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. चावायचा घास त्यांनी टाकलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

संध्याकाळच्या गाडीला वेळ होता. आम्ही दोघंच ओट्यावर बसलो.

"डॉक्टर काय म्हणला?" त्यांनी विचारलं.

"कोन डॉक्टर?"

"पाव्हणं, दुकानदार हाव मी. माणूस काय लपवतोय ते कळतं. दणक्यानं चिठ्ठीचं टोक खिशाबाहेर आलंय."

मी चिठ्ठी काढून दिली. त्यांनी ती वाचली, घडी केली, माझ्या हातात परत ठेवली. मग म्हणाले, "माझा थोरला भाऊ तुमच्यासारखाच जेवायचा. साखर झाली, ऐकलं न्हाई. आधी बोट काढलं, मग पाय. मग गेलाच. दोघं एका ताटात जेवायचो आमी, माझ्या वाट्याचं बी तोच उरकायचा. आता मी त्याच्या वाट्याचं बी चावतो."

मला कुणी शिकवलेलं चालत नाही, आणि ते शिकवत नव्हते. गाडी आली. खिडकीतून त्यांनी हात केला, मी पण केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीजवळ बसलो. बायकोनं पहिली भाकरी ताटात टाकली. मी तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावत राहिलो. तिनं दुसरी भाकरी आणली, पाहिलं तर पहिली अजून अर्धी. ती घाबरली. म्हणाली, "काय झालं? भाकर कच्ची राह्यली का?" मी घास गिळला आणि म्हणालो, "न्हाई. तू तुझं ताट घे." अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात तिच्या भाकरी उरकायच्या आत मी हात धुऊन बाहेर गेलेलो असायचो. तिनं तवा उतरवला, ताट घेतलं आणि माझ्यासमोर जेवायला बसली.