आमची रविवारची माल्ट मंडळी

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. रिकाम्या बाटल्या कपाटात साठत जातात तसे तेही साठतात, आणि एक दिवस दार उघडलं की सगळे एकदम अंगावर! आमच्या चौघांच्या बाबतीत तर बाटल्या संपल्या, पण किस्से काही संपेनात.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. मी चष्मेवाला, गोंदियाच्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे. मनोजशेठची राईस मिल. पटले डॉक्टर दातांचे. आणि चौथा तुरकर, चोरखमाऱ्याकडे त्याची धानाची शेती. तोंड फटकळ, मन साफ.

आम्हाला नाद एकच, सिंगल माल्टचा. म्हणजे एकाच कारखान्यात, नुसत्या जवापासून केलेली व्हिस्की. पिण्याचा नाद नाही हो, चाखण्याचा! रविवारी दुपारी जेवणाआधी बसायचं, कारण उपाशी पोटी नाक तेज असतं असं डॉक्टरांचं म्हणणं. ग्लासात जेमतेम दोन चमचे. आधी वास, मग घोट, मग वाद. आणि वाद मिटवायचा डॉक्टरांनी. ते ग्लास नाकाशी नेत, डोळे मिटत आणि निकाल देत. त्यावर अपील नाही!

वासाच्या बाबतीत डॉक्टर फार कडक. एकदा मनोजशेठ कोणाच्या तरी लग्नातून थेट आला, मनगटाला गुलाबाचं अत्तर. डॉक्टरांनी त्याला खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि खिडकीच्या गजांतून ग्लास दिला. आत आम्ही तिघं गंभीर चेहऱ्यानं वास घेतोय, तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "डॉक्टरसाब, आज तो इसमें गुलाब आ रहा है!"

*

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'धान खरेदी'. ते मनोजशेठसाठी ठेवलेलं. त्याचे वडील, आम्ही सगळे त्यांना बाबूजी म्हणतो, एकदम कडक माणूस. घरात कांदा-लसूण नाही, तिथं दारूचं नाव कोण काढणार? "बाबूजी को पता चला तो मिल से भी निकालेंगे, घर से भी," हे मनोजशेठ आम्हाला दर रविवारी ऐकवायचा.

आणि एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "भैया, मैं गया!"

झालं असं, की त्याला परदेशातल्या मेहुण्यानं एक धुरकट माल्ट पाठवली होती. हिचे जव दलदलीतल्या वाळलेल्या मातीच्या धुरावर सुकवतात, म्हणून तिला धुराचा वास. मनोजशेठनं आनंदाच्या भरात मेसेज टाकला : 'माल आ गया. बारह साल पुराना. धुएँ की बास तेज है. संडे को सूँघने आओ.' टाकला तो खऱ्याखुऱ्या धानाच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर! त्यात बाबूजीही होते, आणि त्यांनी तो वाचलाही होता.

मनोजशेठ दिवसभर मिलमधून हलला नाही. जेवण गेलं नाही. संध्याकाळी गादीवरून बोलावणं आलं. हा जाऊन समोर उभा राहिला. बाबूजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. 

मग म्हणाले, "बारह साल पुराना धान? वो भी जला हुआ? आज ही लौटा दे. और उस ब्यापारी से दुबारा मत लेना!"

*

नागपूरलाही आमच्यासारखी एक मंडळी आहे. त्यांच्याशी आमची नमुन्यांची देवाणघेवाण चालते. त्यांच्या बाटलीतलं थोडं आमच्याकडे, आमच्यातलं थोडं त्यांच्याकडे. छोट्या काचेच्या कुप्यांत भरायचं, वर नंबराची चिठ्ठी चिकटवायची.

एकदा तसे नमुने घेऊन चौघं परत येत होतो. दिवस निवडणुकीचे, रस्त्यात नाकाबंदी. शिपायानं गाडी बाजूला घ्यायला लावली. डॉक्टरांची बॅग उघडली, तर आत कापसात नीट मांडलेल्या कुप्या! त्यानं हाक मारली, "साहेब, इकडे या बरं."

साहेब आले. कुप्या बघून त्यांचा चेहराच बदलला. "काय आहे हे?"

लोकांच्या तोंडात सुई घालताना ज्या माणसाचा हात कधी थरथरला नाही, त्या डॉक्टरांची दातखीळ बसली. "न... नमुने आहेत."

"कशाचे?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी मनोजशेठकडे, मनोजशेठ रस्त्याकडे बघायला लागला. माझ्या डोळ्यांसमोर उद्याचा पेपर : डॉक्टरसह चौघे ताब्यात! साहेबांनी एक कुपी उचलून उन्हात धरली. पिवळीधमक. "लघवीचे आहेत का?"

डॉक्टरांनी मान हलवली असती तर सुटलो असतो. त्यांची मान हलतच होती, तेवढ्यात स्टिअरिंगवरून तुरकर बोलला, "दारू आहे साहेब."

साहेबांनी कुपी हलवून बघितली.

"एवढीशी?"

"हो. वास घ्याले."

"वास घ्यायला?"

"हो ना जी. घोटभर पितो आणि मंग दोन घंटे बोलत बसतो."

साहेबांनी आम्हा एकेकाकडे नीट बघितलं. डॉक्टरांचा घाम, माझा चष्मा, मनोजशेठचं पोट. कुपी परत कापसात ठेवली आणि शिपायाला म्हणाले, "जाऊ दे रे यायले. दारू पेणारे असे नसतात!"

*

मनोजशेठ चाखतो कमी, जमवतो जास्त. लोखंडी कपाटात त्याच्या न उघडलेल्या बाटल्या. त्यातली एक फार जुनी, तिला कोणी हातही लावायचा नाही. मुलीचा मेडिकलला नंबर लागेल त्या दिवशी फोडू, असं त्यानं जाहीर केलेलं. नंबर लागला! आम्ही नवे कपडे घालून हजर.

त्यानं बाटली खोक्यातून काढली आणि तिथंच थांबला. सील जसंच्या तसं, पण आत माल्ट निम्मी!

त्यानं दाराला आतून कडी लावली. "चाबी का पता सिर्फ तुम तीनों को था."

कोणी हसेल असं मला वाटलं. कोणी हसलं नाही. तुरकर उठून उभा राहिला. "मले चोर म्हणून राहिला का तू?" मनोजशेठ म्हणाला, "मैंने नाम लिया क्या?" इतक्या वर्षांची दोस्ती! तुरकरची मूठ मी बघत होतो, ती वळलेलीच होती.

डॉक्टरांनी मात्र बाटली हातात घेतली होती. मान वाकडी करून ते तिचं तोंड बघत होते. मग खोक्याच्या तळाशी नाक नेलं. "मनोज, ही बाटली तू कशी ठेवली होतीस? उभी का आडवी?"

"आडवी. क्यों?"

"अरे, वाइन ठेवतात आडवी! व्हिस्की बूच खाते. निम्मी झिरपून गेली इथून." त्यांनी सील काढून बोट लावलं तर बुचाचा भुगाच हाताला आला.

मनोजशेठ मटकन खाली बसला. तुरकरची मूठ सुटली. मग मनोजशेठचा बारीक आवाज आला, "मुझे लगा, लेटी रहेगी तो आराम से पकेगी!"

*

उन्हाळ्यातल्या एका रविवारी ऊन उतरल्यावर तुरकरच्या शेतात बसलो. मागं नागझिऱ्याचं जंगल, बांधावर मोहाची झाडं, खाली फुलांचा सडा. टेबल मांडलं, ग्लास भरले, वाटीत फुटाणे. डॉक्टर पहिला वास घेणार, इतक्यात तुरकर दबक्या आवाजात म्हणाला, "कोनी पळू नका. हळूच उठा."

बांधावर अस्वल होतं.

आम्ही तिघं कसे गाडीत शिरलो ते आम्हालाच माहीत नाही. दारं लावून बघतो तर तुरकर बाहेरच! तो उलट्या दिशेला, मोटारपंपाच्या खोलीत शिरला होता. तिच्या दाराला कडी नाही. त्यानं आतून पाय लावून धरलं होतं, फटीतून त्याची चप्पल दिसत होती. आणि अस्वल सरळ आमच्या टेबलाकडे, म्हणजे त्याच्या दारापासून हाकेच्याही आत.

मनोजशेठनं हॉर्नवर हात नेला. डॉक्टरांनी तो घट्ट पकडला. "बिथरलं तर तुरकरकडेच जाईल."

मग आम्ही नुसते बघत राहिलो. अस्वलानं एक खुर्ची पाडली. फुटाणे खाल्ले, वाटी चाटली. प्रत्येक ग्लासाला नाक लावलं, फुरफुरलं. दोन पावलं खोलीकडे टाकली. मनोजशेठ हनुमान चालिसा पुटपुटायला लागला. अस्वल थांबलं, वळलं आणि मोहाखाली जाऊन निवांत फुलं खात बसलं. पोट भरल्यावर जंगलात निघून गेलं.

तुरकर बाहेर आला तेव्हा पांढराफटक पडला होता. मी दिलेलं पाणी तो घटाघटा प्यायला. मग त्याचं लक्ष ग्लासांकडे गेलं. एक थेंब कमी झालेला नाही!

"पाहा बे," तो म्हणाला, "घरचं मोहफूल सोडून तो कायले पिईल तुमची विलायती?"

*

आता हा किस्सा. चौघं एकत्र असलो की आम्ही तो कधी काढत नाही.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांना मोठा ताप आला. त्यातून ते उठले, दवाखाना सुरू झाला, रविवारही सुरू झाले. पण निकाल विचित्र यायला लागले. गोड माल्टला 'मध, मनुका', धुरकट माल्टलाही 'मध, मनुका'! मनोजशेठ मला म्हणाला, "भैया, डॉक्टरसाब रटा-रटाया बोल रहे हैं." मी हसण्यावारी नेलं.

मग एक दिवस पटले वहिनी दुकानात आल्या. चष्म्याची काडी सैल झाली होती. मी स्क्रू बसवला. मग म्हणाल्या, "भाऊ, यांना वास येत नाही."

"म्हणजे?"

"तापापासून काहीच येत नाही. परवा दूध उतू गेलं, गॅस विझला, शेगडी सुरूच. हे तिथंच बसून पेपर वाचत होते. मी बाहेरून आले तर दारातच भपकारा! मी धावत खिडक्या उघडतेय आणि हे विचारतात, काय झालं?" त्यांनी डोळे पुसले. "नागपूरला दाखवलं. परत येईल म्हणतात, नाहीही येणार म्हणतात. तुम्ही कोणाला बोलू नका. रविवार गेला तर माझ्याकडे काय राहील, म्हणतात."

मी कोणाला बोललो नाही. पण मनोजशेठनं आपल्या डोक्यानं एक बेत केला. पुढच्या रविवारी तुरकरकडे बसायचं होतं. मी स्वयंपाकघरात पाण्याचा जग आणायला गेलो, तर तुरकर हसत होता. "भाऊ, आज मजा पाहा. तीन ग्लास आहेत, मधल्यात कोरा चहा! थंडा करून, गाळून. मनोजची आयडिया."

मी त्याला वहिनींचं सगळं सांगितलं. त्याचं हसू गेलं. "हे मले आधी काऊन नाही सांगितलं बे?" तो ट्रे घ्यायला वळला, तर ओट्यावर ट्रे नव्हता.

आम्ही बाहेर आलो. ट्रे मनोजशेठनं नेला होता. डॉक्टरांचा पहिला ग्लास झाला होता आणि मधला त्यांच्या हातात होता. त्यांनी डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले. मनोजशेठ ओठ चावून हसू दाबत होता.  काहीही बोललो असतो तरी डॉक्टर उघडे पडले असते.

"शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली," डॉक्टर सावकाश म्हणाले. "जुनी आहे. मनुका... आणि शेवटी थोडं लाकूड."

मनोजशेठनं तोंड उघडलं. डॉक्टरांनी ग्लास ओठांकडे नेला. एक घोट, की सगळं संपलं. चहा काही घशाला जाळत नाही.

तुरकर दोन ढांगांत पुढं झाला, त्यांच्या हातातून ग्लास काढून घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"माफ करा डॉक्टर. हे मले लय आवडते, आणि एवढीच होती." त्यानं मिशी पुसली. "शेरीच आहे. मनुका बी आहेत."

मनोजशेठ त्याच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी मान हलवली, नाही म्हणून. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. तो म्हणाला, "हाँ... किशमिश तो है."

तिसरा ग्लास झाला. त्याचाही निकाल डॉक्टरांनी दिला. त्या दिवशी कोणी वाद घातला नाही.

निघताना डॉक्टर पायरीवर बसून बुटाची लेस बांधत होते. तुरकर शेजारी उभा, हातात रिकाम्या ग्लासांचा ट्रे, मधल्याच्या तळाशी चहापत्तीचे दोन कण. डॉक्टर उठले, ट्रेकडे बघितलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले,

"तुरकर, पुढच्या वेळी थोडं आलं टाक."