चौसष्ट जीबीत एक बोकड

पुण्याहून निघताना पाठीवरच्या पिशवीत कॅमेरा आणि माझा स्वस्तातला लॅपटॉप होता. त्याच्या चौसष्ट जीबीतली निम्मी जागा तो स्वतःच खातो. उरलेली मी खातो, कारण मी काही पुसतच नाही. न जाणो, पुढेमागे लागलं तर?

मुळशीचं धरण मागे पडलं आणि ताम्हिणी घाटात धुकं लागलं. मी फोटो काढत सुटलो. ओढा ओलांडताना पाय घसरला आणि फोन पाण्यात गेला. तिथेच शेळ्या राखणाऱ्या हौसाबाई मला घरी घेऊन गेल्या. त्यांनी फोन तांदळाच्या डब्यात खुपसला आणि माझ्यापुढे नाचणीची भाकरी ठेवली.

दारात एक बोकड बांधला होता. तो दुपारी विकला जाणार होता.

"आमच्या मंगलनं बाटलीनं दूध पाजलंय त्याला," हौसाबाई म्हणाल्या. "ती सासरी हाय, कासारसाईला. तिला चालता-बोलता दाखवायचाय. माजा फोन बटनाचा. तुमच्या कॅमेऱ्यात घ्या की."

कॅमेऱ्याचं कार्ड भरलेलं होतं. "दोन मिनिटांत फोटो लॅपटॉपवर उतरवतो," मी ऐटीत म्हणालो. लॅपटॉपने जागा नसल्याचं कळवलं. मग एकाच वीजबिलाच्या पाच प्रती, लोकांच्या लग्नपत्रिका, अर्धवट पाहिलेले सिनेमे, सगळं टाकलं. तरी जागा तेवढीच.

"टाकलं न्हवं? मग?"

"टाकलेलं आधी कचरापेटीत जातं."

"मंजी कचरा घरातच हाय."

मी ओशाळून पेटी रिकामी केली. तरीही पुरेना. आता हौसाबाई स्वतःच कार्डावरचे फोटो बघायला बसल्या.

"ह्यो कुटला?"

"ताम्हिणी."

"अन् ह्यो?"

"ताम्हिणीच."

"समदं धुकंच हाय. त्ये उद्या बी येतंय. आमी शेळीच्या धा करडांत एक बोकड ठिवतो. तुमी समदंच ठिवता व्हय?"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. व्यापारी आला होता. मी दोनशे फोटो एका दमात पुसले. जीव तुटला, खोटं कशाला बोलू?

हौसाबाईंनी बोकड सोडला आणि अंगणाच्या टोकाला जाऊन हाक मारली, "ये रं माज्या सोन्या, ये." तो उड्या मारत आला आणि त्यांच्या पदरात तोंड खुपसून उभा राहिला. तेवढं कॅमेऱ्यात आलं. टेम्पो गेल्यावर त्यांनी रिकामं दावं गुंडाळून खुंटीला अडकवलं आणि मला चहा दिला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "ताम्हिणी दाखव." मी बोकड दाखवला.

तोवर सुकून जिवंत झालेल्या फोनवरून तो हौसाबाईंनी दिलेल्या नंबरवर मंगललाही पाठवला. थोड्या वेळाने तिचा फोन आला. बराच वेळ ती नुसती नाक ओढत होती.

"दादा," ती शेवटी म्हणाली, "आईनं मला कवा सोन्या म्हटलं न्हाई." मग हसली. "तुमी पुसू नका बरं का."

लॅपटॉपमध्ये आता भरपूर जागा आहे. लग्नपत्रिका आल्या की त्याच दिवशी टाकतो आणि पेटीही रिकामी करतो. बोकड मात्र दोन ठिकाणी ठेवला आहे.